गुडघ्याची दुखापत आणि पुनर्वसन

सुगी आटोपली आणि यात्रा-जत्रांना प्रारंभ झाला की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मैदानी खेळांना उधाण येते. कोठे कबड्डीचे सामने रंगतात, कोठे खो-खोचे, तर कोठे कुस्त्यांचे फड. विजयी खेळाडूंची नावे तालुकाभर होतात. परंतु प्रत्येक हंगामात काही तरुण मैदानाबाहेर जातात ते पुन्हा कधी परतत नाहीत. त्यांपैकी अनेकांची हकिगत सारखीच असते. चढाई करताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि शरीर फिरले. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. काही तासांतच गुडघा सुजला. चार दिवस शेक दिला, मालीश केली, गावातील हाडवैद्याकडून पाटा बांधून घेतला. तीन-चार आठवड्यांत दुखणे थांबले आणि खेळाडू पुन्हा मैदानात उतरला. दुसऱ्या वेळी मात्र गुडघ्याने असा दगा दिला की खेळ कायमचा सुटला.

दुखणे थांबणे आणि गुडघा बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जेवढे गुडघे निकामी होतात, तेवढे मूळ दुखापतीमुळे होत नसावेत. खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण असलेल्या या राज्यात गुडघ्याचा प्रश्न अनेक तरुणांच्या बाबतीत थेट उपजीविकेशी निगडित असतो. म्हणून या दुखापतींचे स्वरूप आणि त्यानंतरच्या पुनर्वसनाचे शास्त्र सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

गुडघ्याची रचना

गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढील बाजूची वाटी यांचा तो बनलेला असतो. खांद्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यात एका हाडाचा गोल माथा दुसऱ्याच्या खोबणीत बसतो. गुडघ्यात अशी खोल खोबण नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यामुळे गुडघ्याचे स्थैर्य हाडांच्या आकारावर अवलंबून नसून त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू यांवर अवलंबून असते.

अस्थिबंध, म्हणजेच डॉक्टर ज्यांना लिगामेंट म्हणतात ते, मुख्यत्वे चार आहेत. दोन सांध्याच्या आतील व बाहेरील कडांना असून ते गुडघ्याला बाजूंकडे झुकू देत नाहीत. उरलेले दोन सांध्याच्या मध्यभागी फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा बंध नडगीला पुढे सरकण्यापासून व गुडघ्याला पिळवटण्यापासून रोखतो. खेळाडूंच्या तोंडी असलेले ‘एसीएल’ हे याच बंधाचे संक्षिप्त नाव. मागचा बंध नडगीला मागे ढकलले जाऊ देत नाही.

दोन्ही हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लवचिक कूर्चा असतात. त्यांना वैद्यकात मेनिस्कस म्हणतात. बोलीत ‘गुडघ्याची गादी’ असे म्हटले जाते. गुडघा सरळ असताना त्यावरील भाराचा सुमारे निम्मा भाग या गाद्या पेलतात व तो सर्वत्र सारखा वाटतात. गुडघा वाकला की त्यांच्यावरील भार आणखी वाढतो. या गाद्यांच्या फक्त बाहेरील कडेला रक्तपुरवठा असतो, आतील भागाला तो नसतो. साहजिकच कडेची चीर भरून येऊ शकते, परंतु आतील चीर आपोआप सांधली जाणे कठीण असते.

दुखापती कशा होतात?

एसीएल तुटण्यास प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागलाच पाहिजे असे नाही. वेगाने धावता धावता एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून सरळ पायावर उतरणे अशा क्षणी तो बहुधा तुटतो. खो-खोमध्ये चौकात दबून बसलेला खेळाडू खो मिळताच उसळून वळतो, पाठलाग करणारा खांबाजवळ एकाच पायावर गर्रकन फिरतो. हे सर्व क्षण गुडघ्याच्या कसोटीचे असतात. कबड्डीत घोट्याची किंवा मांडीची पकड बसून पाय जखडला जातो आणि चढाई करणारा मध्यरेषेकडे झेप घेण्यासाठी शरीर फिरवतो, तेव्हा तर गुडघ्यावर दुहेरी ताण येतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळते, ही गोष्ट मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

गुडघ्याच्या बाहेरील अंगावर आघात झाल्यास आतील बाजूचा बंध ताणला जातो. मोटारसायकलवरून पडताना वाकलेला गुडघा समोरून आपटला, तर मध्यातील मागचा बंध इजा पावतो. गादीची चीर बहुधा वाकलेला गुडघा भाराखाली पिळला गेल्यामुळे पडते. पुष्कळदा बंध आणि गादी यांना एकाच वेळी इजा होते.

अस्थिबंधाच्या इजेचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात तंतू केवळ ताणले जातात, दुसऱ्यात काही तंतू तुटतात, तर तिसऱ्यात बंध पूर्णपणे तुटतो. येथे एक फसवी गोष्ट अशी की, अर्धवट तुटलेला बंध पूर्ण तुटलेल्या बंधापेक्षा अधिक दुखू शकतो. वेदनेवरून इजेचे गांभीर्य ठरविणे धोक्याचे आहे.

ओळख आणि प्रथमोपचार

दुखापतीनंतर पहिल्या काही तासांतच गुडघा टरारून सुजला, तर सांध्यात रक्तस्राव झाला असावा आणि एसीएल तुटला असण्याचा संभव मोठा. गादीच्या चिरेची सूज सामान्यतः सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते. चालताना गुडघा एकाएकी निसटणे हे बंध तुटल्याचे, तर गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकून सरळ न होणे हे फाटलेली गादी हाडांत सापडल्याचे लक्षण होय. अडकलेला गुडघा जोर लावून सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

प्रथमोपचार साधे आहेत. खेळ तत्काळ थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा व दोन-तीन तासांच्या अंतराने पुन्हा लावावा. बर्फ न मिळाल्यास थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. लवचिक पट्टी फार घट्ट न बांधता पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालीश आणि गुडघा ओढून ‘बसविण्याचे’ प्रयोग कटाक्षाने टाळावेत. त्यांमुळे रक्तस्राव व सूज वाढते. जखमी पायावर चार पावलेही टाकता न येणे, गुडघा काटकोनात न वाकणे, वाटीवर दाबताच कळ येणे यांपैकी काही आढळल्यास हाड मोडले नसल्याची खात्री क्ष-किरण चित्राने करून घ्यावी. पाऊल गार पडणे वा बधिर होणे ही तातडीची खूण असून अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात. बंध व गाद्या दिसत नाहीत. ‘फोटो चांगला आला, म्हणजे काही झाले नाही’ ही समजूत म्हणूनच निराधार आहे. अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ हाताने तपासणी करून बंधाची स्थिती बरीचशी ओळखतो. आवश्यक वाटल्यास एमआरआय चाचणीने निदान पक्के करता येते.

बदललेली दृष्टी

गुडघ्यातील गादीविषयी वैद्यकाची दृष्टी शंभर-सव्वाशे वर्षांत पार पालटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन ब्लंड-सटन यांनी या गाद्यांना पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरविले होते. फाटलेली गादी संपूर्ण काढून टाकण्याची प्रथा त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा रुग्णांच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गादी काढलेल्या बाजूस हाडांची झीज दिसू लागते, असे त्यात आढळले. पुढे दुर्बिणीने गुडघ्याच्या आत पाहण्याचे तंत्र विकसित झाले. १९६२ मध्ये जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने गादीचा केवळ फाटलेला भाग काढला. आज शक्य असेल तेथे गादी शिवून वाचविणे आणि ते शक्य नसेल तर कमीत कमी भाग काढणे, हे धोरण सर्वमान्य झाले आहे.

शस्त्रक्रिया केव्हा?

प्रत्येक दुखापतीस शस्त्रक्रिया लागत नाही. बाजूच्या बंधांची, विशेषतः आतील बंधाची, इजा पट्टा व व्यायाम यांनी बहुधा भरून येते. एसीएल पूर्ण तुटल्यास मात्र तो स्वतःहून सांधला जाण्याची खात्री देता येत नाही. अशा वेळी मांडीच्या मागील स्नायूची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन नवा बंध घडविला जातो.

तरीही येथे घाई करण्याचे कारण नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटातील ५९ जणांना आधी पद्धतशीर व्यायाम देऊन गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रिया करण्याची मुभा ठेवली. दोन वर्षांत त्यांपैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि दोन्ही गटांची प्रकृती सारखीच सुधारली. ज्याला पुन्हा कबड्डी, कुस्ती, फुटबॉल असे पिळाचे खेळ खेळायचे आहेत, ज्याचा गुडघा व्यायामानंतरही वारंवार निसटतो किंवा ज्याची शिवण्याजोगी गादीही फाटली आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार प्राधान्याने होतो. मात्र कोणताही मार्ग पत्करला तरी व्यायाम चुकत नाही. निसटणाऱ्या गुडघ्याने खेळत राहणे हा पर्याय नव्हेच. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की गादीचा आणखी एक लचका तुटतो.

पुनर्वसनाचे टप्पे

गुडघा सुजला की मांडीच्या पुढील स्नायूला मेंदूकडून मिळणारी प्रेरणा मंदावते आणि तो झपाट्याने वाळतो. हा स्नायू पुन्हा जागा करणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी होय. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतरचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. प्रत्यक्ष वेळापत्रक मात्र शल्यविशारद व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनीच ठरवावयाचे असते.

पहिले दोन आठवडे : सूज उतरविणे आणि गुडघा पूर्ण सरळ करणे ही उद्दिष्टे असतात. टॉवेलची गुंडाळी घोट्याखाली ठेवून गुडघा खाली दाबावा, मांडीचा स्नायू आवळून पाच ते दहा सेकंद धरावा व सोडावा. असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा करावे. पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायामही याच काळात सुरू होतो. घरातील मंडळी प्रेमापोटी गुडघ्याखाली उशी ठेवतात. ती काढून टाकावी, कारण त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो.

दुसरा ते सहावा आठवडा : कुबड्या हळूहळू सुटतात, न लंगडता चालण्याचा सराव होतो, गुडघा काटकोनापलीकडे वाकू लागतो. स्थिर सायकल या टप्प्यावर उपयुक्त ठरते.

दीड ते तीन महिने : भिंतीला पाठ टेकवून थोडे खाली बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे हे व्यायाम वाढविले जातात. हाच काळ सर्वांत फसवा असतो. वेदना जवळजवळ नसते, रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. परंतु बसविलेला नवा बंध या सुमारास नाजूक असतो. लावणी केलेल्या रोपाने वरून टवटवी धरली तरी मूळ धरलेले नसावे, तशी त्याची अवस्था असते. तो हाडात रुजून बळकट होण्यास अनेक महिने जावे लागतात.

तीन ते सहा महिने : स्नायूंत पुरेसे बळ आल्यास सरळ रेषेत धावणे सुरू होते.

सहा ते नऊ महिने : उड्या, वळणे, एकदम थांबणे आणि त्या त्या खेळाचा संथ सराव.

गादी शिवली असल्यास पहिले चार ते सहा आठवडे पायावर भार देण्यास व गुडघा काटकोनापलीकडे वाकविण्यास बहुधा मर्यादा असतात. उकिडवे बसणे तर चार-सहा महिने टाळावे लागते. आपल्याकडील शौचकूप व जमिनीवरील बैठक ध्यानात घेता घरात कमोड खुर्चीची सोय आधीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. गादीचा लहानसा भाग काढला असेल तर रुग्ण लवकर चालू लागतो आणि पुष्कळदा सव्वा-दीड महिन्यात खेळू शकतो. एकाच खोलीतील दोन रुग्णांचे वेळापत्रक वेगळे का, याचे उत्तर यात आहे. शेजाऱ्याकडे पाहून आपली कुबडी टाकू नये. पोटरी दुखून सुजणे, धाप लागणे, ताप येणे किंवा जखमेतून पू येणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.

मैदानावर केव्हा परतावे?

पंचांग पाहून किंवा स्पर्धेची तारीख पाहून हा निर्णय घेता येत नाही. दुखापत झालेल्या पायाचे बळ निरोगी पायाच्या किमान नव्वद टक्के असावे, एका पायावरील उडीचे अंतर दोन्ही बाजूंना जवळपास सारखे भरावे आणि खेळाडूच्या मनातील भीती गेलेली असावी, अशा कसोट्या लावल्या जातात. नॉर्वेतील २०१६ च्या एका अभ्यासानुसार नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबविले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. प्रशिक्षक व संघव्यवस्थापक यांनी हा आकडा नजरेसमोर ठेवावा.

कुस्तीपटू विनेश फोगाट यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लढत चालू असता त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया व दीर्घ पुनर्वसनानंतर २०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. क्रिकेटपटू ऋषभ पंत डिसेंबर २०२२ मधील मोटार अपघातात जखमी झाले. गुडघ्याच्या अस्थिबंधांवर मुंबईत शस्त्रक्रिया झाल्यावर ते मार्च २०२४ मध्ये मैदानावर परतले. उत्तमोत्तम उपचार हाताशी असतानाही या खेळाडूंना दीर्घ काळ संयम ठेवावा लागला, ही गोष्ट उतावळ्या तरुणांनी लक्षात घ्यावी.

मध्यमवयीन कष्टकऱ्यांसाठी

गादीची चीर हा केवळ खेळाडूंचा प्रश्न नाही. भाताची लावणी, खुरपणी, विटा वाहणे यांत वर्षानुवर्षे घालविलेल्या स्त्रीपुरुषांच्या गाद्या चाळिशी-पन्नाशीत झिजून चिरतात. या चिरा एमआरआयमध्ये दिसल्या की शस्त्रक्रियेची भीती वाटू लागते. परंतु फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झिजेमुळे गादी चिरलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी, तर काहींवर केवळ वरवरची शस्त्रक्रिया करून पाहण्यात आली. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम पडलेला दिसला. म्हणून अशा रुग्णांनी प्रथम मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर ताबा आणि उकिडवे बसण्याऐवजी ठेंगण्या बैठकीचा वापर यांचा अवलंब करावा. गुडघा खरोखरच अडकून बसत असेल, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

प्रतिबंध आणि सोयी

या दुखापती बऱ्याच अंशी टाळता येतात. सामन्यापूर्वी वीस मिनिटे संथ धावणे, मांडीच्या मागील स्नायूंचे व कमरेचे व्यायाम, एका पायावर तोल, उडीनंतर गुडघे वाकवून मऊ उतरणे असा क्रम आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने ठेवावा. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने पुरस्कारलेल्या अशाच कार्यक्रमामुळे दुखापती लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले आहे. यास साधनांचा खर्च नाही. शाळेच्या पटांगणावरही तो करता येतो. मैदानातील खडे व खड्डे आधी काढणे हेही प्रतिबंधाचेच अंग होय.

उपचारांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग असतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था पुनर्वसनाच्या क्षेत्रात कार्य करीत आली आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो किंवा कसे, याची विचारणा योजनेतील रुग्णालयांत नेमलेल्या आरोग्यमित्रांकडे करता येते. दूरच्या गावांतील रुग्णांना रोज भौतिकोपचार केंद्रात जाणे परवडत नाही. त्यांनी पहिल्या भेटीतच घरचे व्यायाम नीट शिकून, शक्य तर लिहून घ्यावेत आणि ठरल्या तारखांना तपासणीस जावे.

शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची असते. तिच्यानंतरचे नऊ महिने रुग्णाच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि प्रशिक्षकाच्या हाती असतात. संघाला अंतिम सामन्यासाठी हुकमी चढाईपटू हवा असतो, शेतमालकाला लावणीसाठी माणूस हवा असतो आणि रुग्णालाही स्वस्थ बसवत नाही. अशा वेळी ‘अजून तीन महिने थांब’ असे ठामपणे सांगणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. गावातील प्रत्येक क्रीडामंडळाने, तालमीने व शाळेने ही जबाबदारी उचलली, तर आज एका हंगामात संपणारी अनेक खेळाडूंची कारकीर्द पुढील दहा हंगाम टिकू शकेल.